खांदेदुखीची बिझनेस केस

आमच्या जुन्या कंपनीने अलीकडे एक स्मरणिका काढली आणि तिची एक प्रत मला पोस्टाने पाठवली. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा. मधल्या पानावर नव्वदच्या दशकातला एक फोटो पानभर छापला आहे. कारखान्याच्या पटांगणात कामगार रांगेत उभे आहेत. पहिल्या रांगेच्या मध्यभागी एक उंच, रुंद छातीचा माणूस दोन्ही हात सरळ आकाशाकडे करून हसतो आहे. खाली ओळ आहे, 'आरोग्य कार्यक्रमात स्वेच्छेने सहभागी झालेले आमचे कामगार'.

ही ओळ माझी. तेव्हा कंपनीच्या घरपत्रिकेसाठी मी ती लिहिली होती, आता कुणीतरी जशीच्या तशी उचलली. तिच्यातले आरोग्य खोटे आहे, स्वेच्छा तर साफ खोटी आहे, आणि 'आमचे' हा शब्दही मी जरा जपून वापरायला हवा होता. हात वर केलेल्या त्या माणसाला या फोटोपायी गावात मान खाली घालून वावरावे लागले. तो फोटो पुन्हा छापला गेला म्हटल्यावर खरे काय झाले ते लिहायला हवे. माझे वय झाले आहे. आणखी पुढे ढकलायला जागा उरलेली नाही.

मी पर्सोनेल ऑफिसर होतो. घर पेणला, कारखाना रोह्याबाहेर. कंपनीची बस सकाळी पेणहून निघायची, कासूच्या फाट्यावर खाडीकडच्या गावांतली मंडळी घ्यायची आणि नागोठण्यावरून रोह्याला यायची. साहेब लोक पुढच्या सीटवर, कामगार मागे. असा नियम कुणी केला नव्हता, म्हणूनच तो कधी मोडला नाही.

एके काळी आमच्या आजोबांच्या नावावर त्याच खाडीकाठी भातजमीन होती. कुळकायद्यात ती कसणाऱ्यांकडे गेली. त्याबद्दल आमच्या घरात बरीच वर्षे उसासे टाकले जात, पण उसासे टाकणाऱ्यांपैकी कुणी त्या जमिनीवर पाय ठेवला असेल असे मला वाटत नाही. भात पोत्यातून येतो एवढीच माझी शेतीची माहिती. हे इथे सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा या अज्ञानातून उगवला.

कामगार कामावर आला नाही की त्याचा खाडा लागायचा आणि परत आल्यावर त्याला माझ्या टेबलासमोर उभे राहून कारण सांगावे लागायचे. ते मी रकान्यात लिहायचो. मागे कॉम्प्रेसर धडधडत असायचा. खाडीकडची माणसे तोंडातल्या तोंडात बोलायची, आणि मी मान वर न करता ऐकायचो. ती माणसे सांगायची, "खांड गेलीवती, साहेब." मी लिहायचो, 'खांदा गेला होता.' हे लोक खांदा स्त्रीलिंगी बोलतात याचे मला सुरुवातीला नवल वाटले. मग मी त्यांचे व्याकरण मनातल्या मनात सुधारून घ्यायला लागलो. त्यांच्यावर आपण उपकार करतो आहोत, अशीच माझी भावना होती.

अशात मुंबईहून नवे मॅनेजर आले. त्यांचे पोट टेबलाच्या आधी खोलीत यायचे, आणि त्यांना कामगारांच्या तब्येतीची फार काळजी होती. मुख्य कचेरीने सगळ्या कारखान्यांना आरोग्य कार्यक्रम सुरू करायला सांगितले होते, पण खर्चाला मंजुरी हवी असेल तर आधी बिझनेस केस मांडा, अशी अट होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"कार्यक्रम कशासाठी करायचा, सांगा."

"लोकांची तब्येत चांगली राहावी म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "अहो, ते कारण होऊ शकत नाही. ते कुणीही सांगेल. कंपनीचा फायदा काय? माणूस आजारी पडला तर कंपनीचं किती दुखतं, ते दाखवा."

कंपनीचे कुठे दुखते हे शोधायला मी खाड्यांचे रजिस्टर उघडले. ताप होता, लग्ने होती, बारशी होती. पण सगळ्यांच्या वर, मान उंचावून, खांदा होता. एकाच कारखान्यात एवढे खांदे गेलेले पाहून मला आनंद झाला. माझा पहिला विचार त्या खांद्यांचा नव्हता. बिझनेस केस सापडली, हा होता.

मी आलेख काढला. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. खांदे रोज जात नव्हते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ते एकदम घाऊक जायचे आणि मधल्या दिवसांत ठणठणीत असायचे. मी मॅनेजरांना दाखवले. त्यांनी आलेखावरून बोट फिरवले.

"चंद्राचा परिणाम," ते हळूच म्हणाले. "शरीरात पाणीच असतं ना सगळं. वा. हे अजून कुणाच्या लक्षात आलं नसेल."

पाण्याचा परिणाम होता हे त्यांचे बरोबर होते. फक्त ते पाणी शरीरातले नव्हते.

मला हे कळले ते बसमध्ये. मुंबईच्या बड्या साहेबांसमोर केस मांडायची होती, त्याच्या आदल्या दिवशी परतताना मी मुद्दाम मागे जाऊन बसलो. मांडणीत एखादा जिवंत रुग्ण असावा असे मला वाटत होते. शेजारी फोटोतला तो माणूस होता. गोण्या चढवायच्या खात्यात होता तो. खाडीकाठच्या गावातला, वडील मिठागरात राबलेले, स्वतःची थोडी भातशेती. बोलायला तिखट.

"खांदा कसा आहे आता?" मी विचारले.

"कंचा खांदा?"

"तुझा. गेल्या पुनवेला गेला होता तो."

त्याने आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या दोन्ही खांद्यांकडे पाहिले. "दोनी हायत, साहेब. मोजून घ्या."

मागच्या सीटवरचे हसले. मी रजिस्टरातले वाचून दाखवल्यासारखे सांगितले, की तूच म्हणालास, खांदा गेला. तेव्हा तो इतका हसला की ड्रायव्हरने आरशात पाहिले.

"खांदा नाय ओ. खांड. खांड गेलीवती बांदाला." मग त्याने मला लहान पोराला सांगावे तसे सांगितले. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने मातीचा बांध घातलेला असतो. अमावास्या-पुनवेला उधाणाची भरती येते, पाणी चढते, बांधाला भगदाड पडते. ते भगदाड म्हणजे खांड. ओहोटी लागली की पुढच्या भरतीच्या आत ती बुजवायची. घरटी एक माणूस गेलाच पाहिजे, चिखलाचे गोळे, पेंढा, दगड, मिळेल ते घेऊन. "खारा पानी आत शिरला की दोन-तीन वर्सं भात इसरा. म्हनून जावा लागतो. कुनी आला नाय तर गाव त्या घराला इचारीत नाय."

"मग तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही?"

"सांगितला की. दर येलेला सांगतो, खांड गेली. तुमी लिवून घेता, रजा देता. आमाला वाटला, साहेब पेनचा हाय, त्याला म्हाईत आसंल."

मागून कुणीतरी म्हणाले, "परवा कॅन्टीनमदी म्हनत हुते, साहेब केस करनार हायत आमच्यावर."

"बिझनेस केस," मी म्हणालो.

"कोनावर?" त्याने विचारले.

"कुणावर नाही. ती कुणावर नसते."

"मग केस कसली?" तो म्हणाला आणि कासूच्या फाट्यावर उतरून गेला.

आता इथे मला दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगता आले असते, की साहेब, खांदे चांगले आहेत, बांध दुखतो आहे. या लोकांना उधाणाच्या दिवशी एक पाळी बदलून द्या, आजारपण आपोआप जाईल, फुकटात. याहून भक्कम बिझनेस केस त्या कारखान्यात कधी कुणी मांडली नसती. पण पडद्यावर दाखवायच्या ट्रान्सपरन्सी तयार होत्या, रंगीत. आणि मॅनेजर रात्रभर चंद्रावर वाचून आले होते. मी प्रोजेक्टरची वायर जोडली आणि गप्प बसलो. चंद्राचा आलेख पडद्यावर आला तेव्हा मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. निष्कर्ष असा होता, की खांद्यावर खर्च केला तर खाडे कमी होतील. केस मंजूर झाली.

मग कार्यक्रम आला. पहिल्या पाळीच्या सुरुवातीला पटांगणात खांद्याचे व्यायाम घेणारे एक गुरुजी आले. दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसांना ते हात वर कसा करावा हे शिकवायचे. कॅन्टीनमधला वडा गेला, मोड आलेले मूग आले. प्रत्येकाला मालिशच्या तेलाची बाटली मिळाली. ती घरी गेली आणि सायकलींच्या साखळ्या गुळगुळीत झाल्या. घोषवाक्यांची स्पर्धा झाली, तिचा परीक्षक मी. 'खांदा मजबूत, कंपनी मजबूत' हे पहिले आले. फाटकाजवळ एक मोठे पोस्टर लागले, त्यात एका माणसाचा खांदा दिव्यासारखा उजळलेला दाखवला होता. कामगार जाता-येता त्याला नमस्कार करायचे. मॅनेजरांना वाटले, श्रद्धा आहे.

फोटोतला माणूस तर कार्यक्रमाचा लाडका झाला. त्याच्यासारखे खांदे दुसऱ्या कुणाचे नव्हते. गुरुजी त्यालाच पुढे उभे करायचे. तोही मजेत उभा राहायचा. मला बघून म्हणायचा, "साहेब, तुमच्या खांड्यानं माजा लय फायदा केला. सकालची अर्धी घटका काम नाय." मला 'खांडा' ऐकू यायचे, कारण तो मुद्दामच तसे म्हणायचा.

पण अमावास्या-पुनवेचे खाडे काही थांबले नाहीत. थांबणार कसे? तेलाने बांध बुजत नाही. मुंबईहून विचारणा सुरू झाली, खर्च झाला, खांदे का जातात? मॅनेजरांनी मला विचारले. तेव्हाही एक वाट होती. मी दुसरी घेतली. कंपनीच्या डॉक्टरांकडून सगळ्यांचे खांदे तपासून घेतले, सगळे निरोगी निघाले, आणि मी सूचना लावली की यापुढे खांद्याच्या कारणाने रजा मिळणार नाही. विनापरवानगी गेला तर त्याच्यावर कारवाई. एका फटक्यात सगळा कारखाना बरा झाला. खरे कारण रकान्यात नव्हतेच, आणि खोटे कारण आता मी बंद केले होते.

ती पावसाळ्यातली पौर्णिमा होती. भाताची लावणी होऊन गेलेली. मुंबईचे पाहुणे कार्यक्रमाचे यश बघायला येणार होते. पहिली पाळी सुरू झाली आणि फाटकावरच्या फोनवर कासूहून निरोप आला, खांड गेली, सगल्यांना पाठवा. तो माणूस थेट माझ्या टेबलाशी आला. या वेळी तो मस्करी करीत नव्हता.

"साहेब, आमच्याच शेताच्या अंगाला गेलीय. दुपारच्या भरतीच्या आत बुजवाया पायजे. आता निघालो तर पोचतो."

"पाहुणे येताहेत. तू पहिल्या रांगेत आहेस."

"दुसऱ्याला उबा करा."

"तुझ्यासारखे खांदे कुणाचे आहेत?" हे मी खरेच बोललो. आणि मग म्हणालो, "कार्यक्रम संपला की कंपनीच्या जीपने सोडतो. बसपेक्षा लवकर पोचशील."

त्याने विचारले, "सबूद देता?"

"देतो."

न सांगता गेला असता तर नोकरी गेली असती. ती गेली असती ती माझ्याच सूचनेवरून, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्याच्या गावचे आणखी तिघे-चौघे कामावर होते. साहेबांनी शब्द दिलाय म्हणून तेही त्याच्याबरोबर थांबले.

पाहुणे उशिरा आले. वडखळला रस्ता तुंबला होता. आले ते चहा प्यायला बसले, मग जवळच्या वरसे गावातल्या अतिथिगृहात तोंड धुवायला गेले. त्यांना न्यायला-आणायला जीप गेली. हारही तिनेच आणायचे होते. पटांगणात माणसे उभी होती. मी खिडकीतून पाहिले तेव्हा तो वारंवार उत्तरेकडे बघत होता. तिकडून खाडी दिसत नाही, फक्त चिमणीचा धूर दिसतो.

शेवटी व्यायाम सुरू झाला तेव्हा भरती चांगलीच चढली असणार. गुरुजींनी सांगितले, दोन्ही हात वर. त्याने केले. फोटोग्राफर म्हणाला, "मधले दादा, जरा हसा की. तोंड का असं?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली. मग तो हसला. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, हे नीट पाहिले तर कळते. तो माझ्याकडे बघतो आहे.

जीप त्याला आणि त्याच्या गावच्या माणसांना घेऊन निघाली तेव्हा दुपार उलटून गेली होती. निडीच्या पुढे फाटकात रेल्वेसाठी थांबावे लागले, असे ड्रायव्हर नंतर म्हणाला, जणू तेवढ्यानेच सगळा फरक पडला होता. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी आणि बायकांनी होईल तेवढे केले, पण ती गडीमाणसांची कामे. खांड रुंदावली. त्याच्या शेतात आणि त्याच्या खालच्या चार घरांच्या शेतांत कमरेइतके खारे पाणी उभे राहिले. पुढची काही वर्षे तिथे गवतसुद्धा नीट आले नाही.

मला वाटले होते, एवढ्यावर भागेल. पण घरपत्रिका निघाली. फोटो आणि माझी ओळ. स्वेच्छेने. ती पत्रिका कामगारांना घरी न्यायला दिली जायची, कुटुंबीयांना अभिमान वाटावा म्हणून. त्याच्या गावात ती पारावर वाचली गेली. ज्या दिवशी खांड गेली त्या दिवशी हा पठ्ठ्या रोह्याला फोटो काढून घेत होता, हसत होता, आणि तोही आपल्या मर्जीने. शिवाय हात वर. कुणीतरी म्हणाले, "बगा, यानं तर सरल हात वर केलं." झाले. तेच नाव पडले. गावात त्याला 'हातवर' म्हणायला लागले. त्याच्याबरोबरचे तिघे-चौघे फोटोत मागच्या रांगेत धूसर होते, ते सुटले. खालच्या चार घरांनी त्याच्या घरचे पाणी पिणे सोडले. त्याच्या मुलीच्या लग्नात ती घरे आली नाहीत.

त्याने मला एकदाच विचारले, "साहेब, त्या कागदावर लिवता येल काय, की तुमी थांबवलात म्हनून?" मी म्हणालो, बघतो. त्या वर्षी आमच्या कारखान्याला उत्तम आरोग्य कार्यक्रमाची ढाल मिळाली. खाडे खरेच कमी झाले होते. मॅनेजर बढती घेऊन गेले, त्यांच्या निरोपात मी भाषण केले. ढाल अजून तिथे काचेच्या कपाटात आहे म्हणे. मी बघतो आहे, बघतो आहे, करता करता निवृत्त झालो.

स्मरणिका आली तेव्हा मी ती घेऊन त्याच्या गावी गेलो. तोही आता म्हातारा झाला आहे. ओट्यावर बसला होता. मी पान उघडून समोर धरले. त्याने चष्म्याविना, लांब धरून पाहिले.

"बरा दिसतो मी," तो म्हणाला. "आता नाय व्हयाचा वर." त्याने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, तो छातीपर्यंत येऊन थांबला. "आता खराच खांदा गेलाय, साहेब. करा केस."

मी म्हणालो, मी सगळे लिहून छापणार आहे. कुणी काय केले ते स्वच्छ.

"लिवा की. पन हितं कोन वाचतो? येत्या पुनवेला बांदाची बैठक हाय देवलात. तितं येऊन तोंडानं बोला."

मी गुडघ्याचे सांगितले. पेणहून येणे, पायऱ्या, पावसाळा. बोलता बोलता माझे दोन्ही तळवे आपोआप समोर उचलले गेले. तो माझ्या हातांकडे बघत होता. मी ते खाली घेतले आणि म्हणालो, येईन बैठकीला.

पुनवेला गेलो. देवळात तीसेक माणसे असतील. मी उभा राहून सांगितले: सकाळी तो रजा मागत होता, मी दिली नाही. जीपचा शब्द मी दिला होता. हसायला मी सांगितले. स्वेच्छेने हा शब्द माझा. सांगायला वाटले होते त्यापेक्षा फारच थोडा वेळ लागला. खालच्या घरांपैकी एका घरची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "येवढाच हुता तर तवाच का नाय आलास? पेन काय लांब हाय?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या त्या माणसाकडे वळून ती त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून म्हणाली, "च्या घ्याया ये घरी," आणि बैठक पुढच्या उधाणाला कोणत्या घरातून कोण येणार, यावर सुरू झाली.